मुखपृष्ठ कुणाशी बोलतं?

मराठी मालिकांच्या बातम्या देणाऱ्या यूट्यूब चॅनेलांची थंबनेल कशी असतात ते आता सगळ्यांना पाठ झालंय. डोळे विस्फारलेली नायिका, कोपऱ्यात लाल बाण, 'अखेर सत्य बाहेर आलंच!' असा पिवळाधमक मजकूर, आणि आत जाऊन पाहावं तर काहीच नाही. या फसवणुकीवर चिडून लोक बोलायला लागले की एखादा जाणकार हमखास सांगतो, हा रोग जुनाच आहे, अमेरिकेतल्या सोप ऑपेरांच्या, म्हणजे रोज दुपारी लागणाऱ्या मालिकांच्या, मासिकांनी तो आपल्या मुखपृष्ठांवरून आधीच पसरवला होता. त्यांतल्या 'सोप ऑपेरा डायजेस्ट'चा साप्ताहिक छापील अंक २०२३च्या अखेरीस थांबल्यापासून दुसराही एक सूर ऐकू येतो, आणि तो कौतुकाचा आहे. किती भडक, किती ओरडणारी, इतकी वाईट की आता गोड वाटतात, असं म्हणत लोक ती जुनी मुखपृष्ठं एकमेकांना दाखवतात. एका बाजूला तिरस्कार, दुसऱ्या बाजूला लाड. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकलीय. ती म्हणजे, या मुखपृष्ठांमागे विचार नव्हता, होता तो फक्त आरडाओरडा.

मला हे साफ अमान्य आहे. सोप ऑपेरांच्या मासिकांची मुखपृष्ठं हे लोकप्रिय छपाईच्या इतिहासातलं अतिशय नेमकं, विचारपूर्वक केलेलं काम आहे. वाटेवरच्या अनोळखी माणसाला भुरळ घालणं हा त्यांचा मुख्य उद्देश नव्हता. रोज मालिका पाहणाऱ्या, पात्रांना नावानं ओळखणाऱ्या वाचकाशी ती बोलत होती. आजचं थंबनेल ही त्यांची पुढची पिढी मानणं म्हणजे रंग पाहून रक्ताचं नातं ठरवणं आहे.

आधी जागा समजून घेऊ, कारण या मुखपृष्ठाचा आकार आणि रंग त्याच्या जागेनं ठरवला. 'सोप ऑपेरा डायजेस्ट' १९७५ साली सुरू झालं. तेव्हा अमेरिकेतल्या तीन मोठ्या वाहिन्यांवर मिळून दुपारच्या डझनाहून अधिक मालिका चालू होत्या, सोमवार ते शुक्रवार, रोज. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर पोचायला अजून वेळ होता. एखाद्या बाईनं नोकरी धरली, एखादी मुलगी कॉलेजात गेली, कुणाच्या घरी आजारपण आलं, की भाग हुकला तो हुकलाच. हुकलेल्या भागांचा सारांश देणं ही या अंकाची मूळ सेवा होती. आधीही 'डे-टाइम टीव्ही'सारखी मासिकं होती, पण त्यांचा भर कलाकारांच्या खासगी आयुष्यावर जास्त असे. डायजेस्टनं कथानकच विकायला काढलं, आणि तेही सुपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेशेजारच्या मांडणीत. तिथे अंक छोट्या आकाराचा हवा. मांडणीच्या खणात त्याचा खालचा भाग झाकला जातो, म्हणून नाव आणि महत्त्वाची ओळ वरच्या पट्ट्यात हवी. ट्रॉली पुढे ढकलत असलेल्या गिऱ्हाइकाकडे काही सेकंद असतात, तेवढ्यात तिला दोन चेहरे ओळखता यायला हवेत. अक्षरांना जाड कडा, पांढऱ्या अक्षरामागे लाल पट्टी, चेहऱ्याभोवती मोकळी जागा जवळजवळ नाही, हे सगळं या गरजांतून आलं. कुणा संपादकाच्या अभिरुचीचा अभाव त्यात शोधायची गरज नाही.

या रांगेलाही स्वतःचे नियम होते. 'नॅशनल एन्क्वायरर'चा मालक जेनेरोसो पोप याला साठच्या दशकाच्या अखेरीस आपलं वृत्तपत्र सुपरमार्केटमध्ये न्यायचं होतं. त्याच्या अंकावर तोवर अपघातांची आणि खुनांची रक्ताळलेली छायाचित्रं असत. ती त्याला काढावी लागली. लहान मुलांना बरोबर घेऊन आलेल्या आयांच्या डोळ्यांसमोर ती चित्रं ठेवायला दुकानदार तयार नव्हते. म्हणजे ज्या रांगेला आपण सवंगपणाचं माहेर समजतो, तिनंच एका अत्यंत सवंग प्रकाशनाला लगाम घातला. सोप ऑपेरांची मासिकं या चाळणीतून गेलेल्या जागी जन्मली. त्यांची मुखपृष्ठं उत्कट आहेत, रडकी आहेत, पण पहिल्या काही दशकांतले अंक पाहा, चेहऱ्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. सगळा भार चेहऱ्यावर, कारण मालिकासुद्धा चेहऱ्यावरच चालते. प्रसंगाच्या शेवटी कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावर थांबतो, ती काहीच बोलत नाही, आणि जाहिरात सुरू होते. मुखपृष्ठ ती थांबलेली चौकट पुढे चालू ठेवतं.

आता नावांकडे पाहा. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. या मुखपृष्ठांवर ठळक अक्षरांत पात्राचं पहिलं नाव असतं. ल्यूक, लॉरा, एरिका, व्हिक्टर. आडनाव नाही, 'प्रसिद्ध अभिनेता' नाही, पात्र कोण याची ओळख नाही. मालिकेचं नाव असलंच तर बारीक अक्षरात. जोडीचं छायाचित्र मधोमध फाडल्यासारखं दाखवलं की वाचणारीला कळतं, ताटातूट होणार. गोल चौकटीतला तिसरा चेहरा म्हणजे मध्ये आलेली व्यक्ती. खालच्या पट्टीतले चार छोटे चेहरे चार वेगळ्या मालिकांचे, म्हणजे प्रत्येक वाहिनीच्या प्रेक्षकाला आपलं काहीतरी सापडावं. ज्यानं एकही मालिका पाहिलेली नाही त्याला यातलं काय कळेल? काहीच नाही. मग अनोळखी गिऱ्हाइकाला गळाला लावण्यासाठी काढलेलं मुखपृष्ठ अनोळखी माणसाला अगम्य असेल का?

याच्या शेजारी 'टाइम'चं १२ जानेवारी १९७६चं मुखपृष्ठ ठेवू. त्यावर 'डेज ऑफ अवर लाइव्ज' या मालिकेतली जोडी, बिल हेज आणि सुझन सीफोर्थ हेज, आणि मथळा असा की सोप ऑपेरा म्हणजे दुपारचा शृंगार आणि दुःखभोग. प्रतिष्ठित साप्ताहिकाला हे शब्द का वापरावे लागले? कारण त्याच्या वाचकाला ती पात्रं माहीत नव्हती. ओळख नसेल तर कुतूहल विकावं लागतं, आणि कुतूहल चाळवायला शृंगार हा शब्द सगळ्यात स्वस्त. ज्याला पात्रं ठाऊक आहेत त्याला फक्त नावं सांगितली तरी पुरतं. तेव्हा सनसनाटी कुणी केली, याचं उत्तर रंग किती भडक होता यावरून देऊ नका. कुणाचा मथळा विषयाबद्दल काही सांगत होता आणि कुणाचा फक्त उत्तेजित करत होता, ते विचारा.

अभिरुचीचा मुद्दा मात्र एवढ्यानं मिटत नाही, आणि त्यात तथ्य आहे. डोळ्यांना विसावा न देणारी मांडणी थकवते. एका पानावर पाच मथळे, तीन उद्गारचिन्हं आणि सात चेहरे असतील तर काहीच महत्त्वाचं राहत नाही. अंक काढणाऱ्यांनाही हे कळत असणार. प्रश्न असा आहे, की शांत, देखणं मुखपृष्ठ कुणाला परवडतं? ब्रिटनमधलं उदाहरण बोलकं आहे. १९२३ साली सुरू झालेल्या 'रेडिओ टाइम्स'च्या मुखपृष्ठांचं कौतुक आजही होतं. मोठमोठ्या चित्रकारांनी ती काढली, नाताळचे अंक तर लोक जपून ठेवतात. पण बीबीसीचा पूर्ण आठवड्याचा कार्यक्रम छापायचा हक्क १९९१पर्यंत फक्त 'रेडिओ टाइम्स'कडे होता, आणि आयटीव्ही या खासगी वाहिनीचा 'टीव्ही टाइम्स'कडे. ज्याला टीव्हीचं पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक हवं त्यानं हे दोन अंक घ्यायचे, दुसरी सोय नाही. मार्च १९९१मध्ये ही मक्तेदारी कायद्यानं संपली, त्याच महिन्यात 'व्हॉट्स ऑन टीव्ही' स्टॉलवर आलं, पुढच्या वर्षी 'इनसाइड सोप', आणि बघता बघता ब्रिटिश स्टॉलवरचं शेल्फ 'ईस्टएंडर्स', 'कॉरोनेशन स्ट्रीट' आणि 'एमरडेल' या मालिकांमधल्या घाबरलेल्या चेहऱ्यांनी भरून गेलं. किंमतसुद्धा मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात येऊ लागली, कारण काही पेन्सचा फरकही गिऱ्हाईक ओढत होता. लोक म्हणतात, वाचकांची अभिरुची घसरली. वाचक तेच होते. पूर्वी त्यांना निवड नव्हती म्हणून मुखपृष्ठाला त्यांच्याशी बोलण्याची गरजच पडत नव्हती. शांततेचं सगळं श्रेय संस्कारांना देताना तिच्यामागे मक्तेदारी उभी होती हे विसरलं जातं, आणि मग स्पर्धेत उतरलेल्या बायकांच्या स्वस्त अंकाला असंस्कृत ठरवणं सोपं जातं.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांवर आणि कादंबऱ्यांवर काढलेल्या चित्रांना कितीतरी वर्षं 'कॅलेंडरी' म्हणून नाक मुरडलं गेलं. भडक रंग, ठसठशीत स्त्रिया, सगळं पृष्ठभागावर, असा आक्षेप. आज त्याच मूळ चित्रांची प्रदर्शनं भरतात आणि त्यातल्या रंगांवर लेख लिहिले जातात. रस्त्यावरच्या स्टॉलवर, पिवळ्या बल्बच्या उजेडात, दहा अंकांच्या गर्दीत ते चित्र कसं दिसणार हे त्या चित्रकारांना नीट माहीत होतं. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'नं तर त्याहून पुढची खोडी केली. त्याची खिडकीचित्रं आधी कापलेल्या चौकटीतून अर्धंच चित्र दाखवायची, बघणारा भलतंच काही समजायचा, आणि पान उलटलं की निरागस दृश्य समोर यायचं. ती फसवणूक होती का? मुळीच नाही. खिडकीमागे भलतंच काही निघणार हे वाचकाला ठाऊक होतं आणि त्या खेळासाठीच तो अंक घेत होता. संकेत दोघांना माहीत असतो तेव्हा अर्धं दाखवणं हा खेळ असतो. एकालाच माहीत असतो तेव्हा ती लबाडी होते. सोप ऑपेरांच्या मुखपृष्ठांबद्दलचा सगळा वाद खरं तर याच रेषेवर व्हायला हवा होता.

चालू कथेचं मुखपृष्ठ आणि पूर्ण झालेल्या कथेचं मुखपृष्ठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या वादात कुणी म्हणत नाही. पूर्ण झालेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आतल्या मजकुराचा सूर सांगतं. चालू कथेच्या मुखपृष्ठाला मागचं आठवून द्यायचं असतं आणि पुढचं पूर्ण न सांगता सुचवायचं असतं. एकोणिसाव्या शतकातले डिकन्सचे वाचक हे जाणत होते. त्याच्या कादंबऱ्या मासिक भागांत निघत, पातळ कागदी वेष्टनात, आणि त्या वेष्टनावर कथेतले प्रसंग सूचकपणे रेखाटलेले असत. 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' ही शेवटची कादंबरी निम्मी लिहून झाली असताना जून १८७०मध्ये डिकन्स वारला. ठरलेल्या बारा भागांपैकी सहाच हाती होते. पण त्याचा जावई चार्ल्स कॉलिन्स यानं काढलेलं वेष्टन पहिल्या भागापासून छापलं जात होतं, आणि त्यावर कधीच न लिहिले गेलेले प्रसंग असावेत असं मानलं जातं. दीडशे वर्षं अभ्यासक त्या वेष्टनावरचा एकेक चेहरा न्याहाळतायत, कथेत बेपत्ता झालेला ड्रूड जिवंत होता की मेला हे शोधण्यासाठी. एका कथामालिकेचं मुखपृष्ठ तिच्या कथानकाचा पुरावा होऊ शकतं, हे आपण डिकन्ससाठी आनंदानं मान्य करतो. कॅन्सस किंवा ओहायोमधली एखादी गृहिणी डायजेस्टच्या मुखपृष्ठावर कुणाच्या बोटात अंगठी आहे ते डोळे बारीक करून पाहत होती, तेव्हा ती वेगळं काय करत होती?

आता सगळ्यात अवघड आक्षेपाकडे येतो. 'जनरल हॉस्पिटल'मध्ये १९७९ साली ल्यूकनं लॉरावर बलात्कार केला. त्यानंतर मालिकेनं त्या दोघांची प्रेमकथा रचली, आणि १६ व १७ नोव्हेंबर १९८१ रोजी दाखवलेलं त्यांचं लग्न सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिलं. अमेरिकी दुपारच्या मालिकांच्या इतिहासातला तो उच्चांक आहे. मालिकांच्या मासिकांनी या जोडीला डोक्यावर घेतलं. इथे मांडणीवर येणारा आरोप गंभीर आहे. पाप कथेचं होतं हे खरं, पण हसऱ्या चेहऱ्यांच्या आणि लग्नाच्या पोशाखाच्या चकचकीत छायाचित्रांनी ते झाकायला मदत केली. जे मुखपृष्ठ आठवण करून देण्यासाठीच असतं, त्यानं या एका बाबतीत विसरायला शिकवलं. मालिका त्या बलात्काराकडे नीट वळून बघायला १९९८ उजाडलं. याचा बचाव मी करणार नाही, होऊही शकत नाही.

दुसरा आक्षेप तितकाच खरा आहे. 'ऑल माय चिल्ड्रेन'मध्ये डेबी मॉर्गन आणि डार्नेल विल्यम्स यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अँजी आणि जेसी ही जोडी साकारली. अमेरिकी दुपारच्या मालिकांमधली पहिली लोकप्रिय कृष्णवर्णीय जोडी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तरीही या मासिकांवर मोठा चेहरा बहुतेक वेळा गोऱ्या कलाकाराचा, आणि कृष्णवर्णीय कलाकार आलाच तर कोपऱ्यातल्या चौकटीत, ही तक्रार वाजवी आहे. मुखपृष्ठ वाचकाशी बोलतं असं मी म्हणतो, तेव्हा ते कुणाला वाचक धरत होतं हा प्रश्न मला टाळता येत नाही. तिसरी गोष्ट, छायाचित्रं आणि पुढच्या कथानकाची माहिती वाहिन्यांकडून यायची. त्यामुळे अंक वाहिन्यांवर अवलंबून, आणि मुखपृष्ठ काही प्रमाणात त्यांची जाहिरात. चौथी, प्रश्नचिन्हाची खोड. मुखपृष्ठावर 'तो मेला?' असं विचारायचं आणि आत 'नाही' म्हणायचं, हे झालंय, अनेकदा झालंय.

हे चारही दोष मान्य करून मी माझ्या जागेवर ठाम आहे. पहिले दोन दोष मांडणीच्या भाषेचे नाहीत, ती भाषा कुणासाठी वापरली त्याचे आहेत. मोठा चेहरा, पहिलं नाव, फाटलेलं छायाचित्र यातली कुठलीच युक्ती गोऱ्यांनाच मोठं करा किंवा अत्याचाराला प्रेम म्हणा असं सांगत नाही. उलट ही भाषा इतकी परिणामकारक होती म्हणूनच तिचा गैरवापर इतका खोल लागला. वाहिन्यांवर अवलंबून असण्याबद्दल एवढंच सांगतो, की डायजेस्ट दर वर्षी 'सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट' असा हिशेब मांडत असे, अंकात कथानकांना शाबासकीही मिळे आणि चपराकही. त्याचे पुरस्कार वाचकांच्या मतांवर दिले जात. १९८९ साली आलेल्या 'सोप ऑपेरा वीकली'नं बातमीदारी आणि टीका यांना आणखी जागा दिली. निव्वळ जाहिरातपत्रिका आपल्या पोशिंद्याच्या कथेला वर्षातली सगळ्यात वाईट म्हणून मुखपृष्ठावर मिरवत नाही.

प्रश्नचिन्हाच्या खोडीपाशी मात्र थंबनेलशी तुलना निकालात निघते. थंबनेल बनवणाऱ्याला एक क्लिक हवा असतो. क्लिक झाला की पैसे झाले. तुम्ही पाच सेकंदांत चिडून बाहेर पडलात तरी त्याचं नुकसान नाही, आणि उद्या दुसरं माणूस सापडतं. म्हणून तो विषयच लपवतो: 'ही' अभिनेत्री, 'त्या' मालिकेतून, 'अशा' कारणानं बाहेर. नाव सांगितलं तर निम्मे लोक आत येणार नाहीत, हे त्याला माहीत असतं. सोप ऑपेराचा अंक पुन्हा पुन्हा त्याच बाईला विकायचा होता, त्याच दुकानात, त्याच रांगेत. तिला चार वेळा फसवलं तर पाचव्या वेळी ती हात लावणार नाही, आणि वर्गणीदार असेल तर वर्गणीच बंद करेल. शिवाय रांगेत उभं राहून मुखपृष्ठ फुकट वाचता यायचं. कोण परत येतंय, कुणाचं लग्न मोडतंय, ही मुख्य बातमी बहुतेक वेळा तिथे उघड लिहिलेली असायची, अंक न घेताही मिळायची. आपला सगळ्यात मौल्यवान माल दारावर टांगून ठेवणाऱ्याला आणि दार उघडल्याशिवाय मालाचं नावही न सांगणाऱ्याला एकाच माळेत ओवायचं, ते कुठल्या न्यायानं?

ही तुलना नुसती चुकीची असती तर मी एवढं लिहिलं नसतं. ती आजच्या फसवणाऱ्यांना सोडवते. 'पूर्वीपासून असंच चालत आलंय' असं म्हटलं की थंबनेलची लबाडी म्हणजे लोकप्रिय करमणुकीचा स्वभावच ठरतो, आणि कुणाला जाब विचारायची गरज उरत नाही. मालिका पाहणाऱ्या बायकांना बातमी द्यायची तर ती अशीच द्यावी लागते, त्यांना हेच आवडतं, असा त्याचा पुढचा अर्थ निघतो. मराठी मालिका रोज संध्याकाळी बघणाऱ्या लाखो बायकांचा हा अपमान आहे. पात्रांची नावं, नातेसंबंध, चार महिन्यांपूर्वीचा प्रसंग हे सगळं ज्यांच्या डोक्यात पक्कं असतं, त्यांना नीट नाव घेऊन सरळ बातमी सांगणारं पान या भाषेत का निघू नये? ठळक अक्षरांत, भडक रंगांत निघू दे. रंगाला माझा विरोध नाही.

दुसरं काम ग्रंथालयांचं आहे. मासिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची पद्धत जगभर होती. डिकन्सचे भाग एकत्र बांधून घेताना लोकांनी वेष्टनं फेकली, आणि आज मूळ वेष्टनासकट सापडलेल्या संचाला संग्राहक भरपूर किंमत मोजतात. सोप ऑपेरांच्या बाबतीत हे नुकसान आणखी मोठं ठरेल. सत्तरच्या दशकातही अमेरिकी वाहिन्या दुपारच्या मालिकांच्या व्हिडिओ टेप पुसून पुन्हा वापरत होत्या, त्याआधीचे कितीतरी भाग थेट प्रक्षेपित होऊन विरून गेले. त्यातल्या अनेक भागांचं आज चित्रीकरण उरलेलं नाही. कोण कुणाला काय म्हणालं, कुणाचं लग्न कुठल्या महिन्यात मोडलं, हे शोधायचं तर हातात राहतो तो अंकातला सारांश, आणि त्या वेळी यातली कुठली घटना सगळ्यांत मोठी वाटली हे सांगणारं त्याचं मुखपृष्ठ.